छापून झाल्यानंतर : शोधपत्रिकांतील चुका आणि गैरवर्तन यांचा आढावा

संशोधनाचा निबंध एकदा शोधपत्रिकेत छापून आला की त्याच्यावरील लेखकाचा ताबा जवळजवळ संपतो. तो ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन बसतो, दुसऱ्यांच्या निबंधांत आधार म्हणून उतरतो, वैद्यकाचा असेल तर औषधयोजनेच्या सूचनांत शिरतो, आणि लिहिणारा महाविद्यालयात नोकरीस असेल तर त्याच्या पदोन्नतीच्या कागदपत्रांत दाखल होतो. असा निबंध पुढे चुकीचा ठरला, किंवा त्यातील आकडे कधी मोजलेच गेले नव्हते असे निघाले, तर त्याचे काय करावयाचे, ते कोणी करावयाचे आणि किती मुदतीत, हा प्रश्न वरकरणी संपादकांच्या घरातला वाटतो. परंतु नाशिकास दोन विद्यापीठांची मुख्यालये आहेत, १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९९८ मधले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. शहरातील जुनी कला-विज्ञान महाविद्यालये पुण्याच्या विद्यापीठाशी संलग्न आहेत. आणि त्यामुळे आमच्या इंदिरानगरासारख्या नोकरदारांच्या वसाहतीत ‘पेपर कुठे आला?’ ही चौकशी संध्याकाळच्या फेरफटक्यातही कानावर पडते, कारण तिच्या उत्तरावर कोणाची तरी वेतनश्रेणी अवलंबून असते. तेव्हा हा प्रश्न केवळ विलायतेतील संपादकांचा नव्हे, एवढे प्रथम नोंदवून त्याच्या पूर्वपीठिकेकडे वळतो.

पूर्वपीठिका

हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ साली लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले तेव्हापासून पुढची जवळजवळ तीन शतके संपादकाची जबाबदारी छपाईबरोबर संपत असे. मुद्रणदोष असला तर पुढील अंकात शुद्धिपत्र छापावे. विचारदोष असला तर दुसऱ्या विद्वानाने त्याचे खंडन करावे. आणि कोणी लबाडी केलीच तर इतरांचे प्रयोग जुळेनासे होऊन ती आपोआप उघडकीस येईल, असा या व्यवस्थेमागील विश्वास होता. संशोधकांचा समुदाय लहान होता, एकमेकांस ओळखत होता, आणि निबंधाच्या संख्येवर कोणाचे पोट नव्हते, तोवर हा विश्वास फारसा फोल ठरला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी पैसा संशोधनात ओतला जाऊ लागला आणि परिस्थिती पालटली. १९८१ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील एका उपसमितीने, अल गोर यांच्या अध्यक्षतेखाली, वैद्यकीय संशोधनातील लबाडीविषयी साक्षी घेतल्या. त्या वेळी पुष्कळ नामांकित शास्त्रज्ञांनी असे प्रकार अपवादात्मक असल्याचे सांगितले. तरीही १९९२ पर्यंत तेथे संशोधनातील सचोटीसाठी एक स्वतंत्र सरकारी कार्यालय उभे राहिले, त्याच साली डेन्मार्कने राष्ट्रीय स्वरूपाची समिती नेमली, आणि १९९७ मध्ये इंग्लंडातील काही वैद्यकीय संपादकांनी आपापल्या अडचणी एकमेकांस सांगण्यासाठी जो गट जमविला, तोच पुढे ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’, म्हणजे ‘कोप’, या नावाने जगभरच्या पत्रिकांचा मार्गदर्शक बनला.

आपल्या देशात या विषयाची जाणीव उशिरा आली असे म्हणता येणार नाही. ए. एस. पेंटल यांच्या पुढाकाराने ‘सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज’ ही संस्था १९८६ मध्येच स्थापन झाली होती. लगेच तीन वर्षांनी, १९८९ मध्ये, ऑस्ट्रेलियातील भूशास्त्रज्ञ जॉन टॅलंट यांनी ‘नेचर’मध्ये पंजाब विद्यापीठाचे विश्वजित गुप्ता यांच्या निबंधांवर असा आक्षेप प्रसिद्ध केला की हिमालयात सापडले म्हणून वर्णिलेले अनेक जीवाश्म वस्तुतः परदेशांतील सुप्रसिद्ध स्थळांचे आहेत. गुप्ता यांनी आरोप नाकारले. चौकशीत दोष निष्पन्न झाला. पण ते विद्यापीठाच्या सेवेत निवृत्तीपर्यंत राहिले, आणि हिमालयाच्या भूशास्त्रावरील शेकडो निबंधांपैकी नेमके कोणते विश्वासार्ह धरावेत हा व्याप पुढच्या पिढीच्या गळ्यात पडला. जाणीव होती, संस्थाही होती. अखत्यार मात्र कोणालाच नव्हता.

संपादकाच्या हातची साधने

आज संपादकापुढे मुख्यतः तीन मार्ग असतात. निबंधाचा निष्कर्ष शाबूत राहून एखादा तपशील चुकला असेल तर दुरुस्तीची सूचना. संशय सबळ पण पुरावा अपुरा असेल, किंवा चौकशी रेंगाळली असेल, तर वाचकांस सावध करणारी चिंतासूचना. आणि निष्कर्षांवर विसंबणेच अशक्य झाले असेल, मग त्याचे कारण प्रामाणिक चूक असो वा बनावट, तर निबंध मागे घेणे. मागे घेतलेला निबंध नाहीसा करावयाचा नसतो. सातबाराच्या उताऱ्यावर जुने नाव कंसात जाते, फेरफाराचा क्रमांक त्याच्याशेजारी येतो, पण आधी काय नोंद होती हे कोणालाही वाचता येते, त्याच रीतीने येथेही मूळ मजकूर ठेवून प्रत्येक पानावर तो मागे घेतल्याची खूण उमटवावी, आणि कारणे देणारी सूचना स्वतंत्रपणे, सर्वांना विनामूल्य वाचता येईल अशी, प्रसिद्ध करावी असा संकेत आहे.

‘कोप’च्या मार्गदर्शक तत्त्वांतील दोन कलमे या संपूर्ण वादाच्या मुळाशी आहेत. पहिले असे की निबंध मागे घेण्याचा हेतू वाङ्मय दुरुस्त करणे हा आहे, लेखकास शासन करणे हा नव्हे. दुसरे असे की संपादकाने लेखकाकडून खुलासा मागवावा, आणि तो समाधानकारक नसेल तर प्रकरण लेखकाच्या संस्थेकडे सोपवावे. कारण प्रयोगशाळेची वही मागविण्याचा, सहकाऱ्यांच्या जबान्या घेण्याचा, संगणक जप्त करण्याचा अधिकार संस्थेला आहे, संपादकाला नाही. थोडक्यात, पत्रिकेने निबंधाविषयी बोलावे आणि संस्थेने माणसाविषयी. कागदावर ही वाटणी निर्दोष दिसते. व्यवहारात दोघांपैकी एकाने मौन धरले, किंवा दोघांनी परस्परविरुद्ध निकाल दिले, तर काय होते, हे पाहण्यासाठी महाराष्ट्राबाहेर जाण्याची जरूर नाही.

पुण्याचे प्रकरण

पुण्यास गणेशखिंडीत, विद्यापीठाच्याच आवारात, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञ गोपाल कुंडू यांना २००४ साली शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले होते. त्यांच्या प्रयोगशाळेतून २००५ मध्ये अमेरिकेतील ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री’त कर्कपेशींच्या प्रसाराशी संबंधित एक निबंध प्रसिद्ध झाला, आणि पुढच्याच वर्षी निनावी ई-पत्रांतून असा आरोप झाला की त्यातील ‘वेस्टर्न ब्लॉट’ची, म्हणजे प्रथिनांच्या अस्तित्वाची साक्ष देणाऱ्या काळसर पट्ट्यांची, काही चित्रे याच गटाच्या आधीच्या निबंधातून घेऊन वेगळ्या प्रयोगाची म्हणून छापली आहेत. संबंधित शास्त्रज्ञांनी आरोप अमान्य करून चित्रे निरनिराळ्या प्रयोगांची असल्याचे सांगितले. फेब्रुवारी २००७ मध्ये पत्रिकेने निबंध मागे घेतला.

येथे प्रकरण संपावयास हवे होते. वस्तुतः ते येथे सुरू झाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे माजी संचालक जी. पद्मनाभन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पुरावे तपासून फेरफार झालेला नाही असा निर्वाळा दिला. ‘सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज’ने आपल्या परीने शहानिशा केली आणि ती याच्या नेमक्या उलट निष्कर्षाला पोहोचली. पुढे इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसने कुंडू यांना तीन वर्षे आपल्या कार्यक्रमांपासून दूर ठेवले. म्हणजे एकाच पट्ट्यांच्या चित्रांवरून एका परदेशी पत्रिकेने निबंध रद्द केला, एका मान्यवर समितीने लेखकास निर्दोष ठरविले, एका स्वयंसेवी संस्थेने दोषी ठरविले, आणि एका अकादमीने मर्यादित कारवाई केली. या चार निकालांचा मेळ घालणारे पाचवे न्यायासन देशात नव्हते. दोन्ही बाजूंच्या माणसांत नावाजलेले आणि निःस्पृह शास्त्रज्ञ होते, तेव्हा हा मतभेद हितसंबंधांचा म्हणून बाजूला सारता येत नाही. एका बाजूस मूळ प्रयोगाच्या नोंदी आणि पुन्हा केलेले प्रयोग यांना महत्त्व होते. दुसऱ्या बाजूस छापलेले चित्र हाच दस्तऐवज होता आणि दोन चित्रे तंतोतंत जुळणे हाच पुरावा. पत्रिकेस दुसरा निकष पुरतो, संस्थेस पहिला लागतो, आणि माझ्या मते या प्रकरणाचे खरे मर्म या फरकात आहे. चित्र चुकीचे असल्यास निबंध मागे घेणे योग्यच. परंतु ते चुकीचे कसे झाले, हातून की हेतूने, हे चित्र स्वतः सांगू शकत नाही.

त्यात त्या काळी या पत्रिकेच्या सूचना फारच त्रोटक असत, अनेकदा ‘हा निबंध मागे घेण्यात आला आहे’ एवढ्याच आशयाच्या. कारण न दिल्यामुळे लेखकाची अब्रू राखली जाते असा त्यामागचा विचार असावा. पण वाचकाला त्यातून काहीच समजत नाही, आणि प्रामाणिक चुकीमुळे निबंध मागे घेणारा व बनावट उघडकीस आलेला हे दोघे एकाच ओळीत उभे राहतात. पुढे या पत्रिकेनेही आपली रीत बदलली व कारणे देण्यास प्रारंभ केला.

मुंबईची एक पत्रिका

संस्था उपलब्धच नसेल तर काय, याचे उदाहरण मुंबईहून प्रसिद्ध होणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ने अनुभविले. वैद्यकीय नीतीच्या प्रश्नांना वाहिलेली ही पत्रिका १९९३ पासून चालते. २०१८ च्या एप्रिलअखेरीस तिने स्वीडनमधील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे वाढते प्रमाण आणि त्यावरील लस यांचा संबंध सुचविणारा एक लेख प्रसिद्ध केला. लेखकाने आपला पत्ता स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटचा दिला होता. ‘या नावाचा मनुष्य आमच्याकडे नाही’ असे त्या संस्थेने कळविले. नावही टोपणनाव असल्याचे निघाले. संपादकांनी प्रथम संस्थेचा उल्लेख काढून, लेखकाने फसविल्याची जाहीर नोंद करून, लेख ठेवला. त्यांचा युक्तिवाद असा होता की आकडे सार्वजनिक आहेत, लेखाचे परीक्षण रीतसर झाले आहे, आणि युक्तिवादाची पारख सांगणाऱ्याच्या नावावरून होऊ नये. जगभरातून टीका झाली. आकड्यांच्या हाताळणीवरही गंभीर आक्षेप आले. आणि मे महिन्यातच लेख मागे घेण्यात आला.

संपादकांच्या पहिल्या निर्णयाची थट्टा करणे सोपे आहे, पण तो अगदीच निराधार नव्हता. धोका असलेल्या लेखकाचे नाव गुप्त ठेवण्याची परंपरा वैद्यकीय पत्रिकांत आहे. मात्र त्या परंपरेत संपादकाला खरे नाव ठाऊक असते. येथे ते संपादकालाही ठाऊक नव्हते, त्यामुळे खुलासा कोणाकडे मागावा आणि तक्रार कोणत्या संस्थेकडे न्यावी, हे दोन्ही मार्ग बंद झाले होते. अंतिम निर्णय पत्रिकेने एकटीने घेतला आणि आपला सारा पत्रव्यवहार व विचारक्रम वाचकांपुढे पुष्कळसा उघड ठेवला, हे तिच्या बाजूने नोंदविले पाहिजे.

याहून लांबलेले प्रकरण मुरादाबादच्या एका डॉक्टराचे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांच्या आहाराविषयीचा त्यांचा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने १९९२ मध्ये छापला, लौकरच शंका निघाल्या, मूळ कागद मागितले असता काही वाळवीने खाल्ल्याचे उत्तर आले, संख्याशास्त्रज्ञांनी आकडे तपासून ते संशयास्पद ठरविले, आणि तरीही देशातील कोणतीही अधिकृत यंत्रणा चौकशीची जबाबदारी घेण्यास पुढे न आल्यामुळे संपादकांनी अखेर २००५ मध्ये केवळ चिंतासूचना छापून आपला नाइलाज प्रकट केला. तेरा वर्षांत तो निबंध आहारविषयक सल्ल्यांत आणि संकलित आढाव्यांत किती ठिकाणी पाझरला असेल, याचा अंदाज वाचकाने करावा. खासगी वैद्यकव्यवसाय सांभाळून संशोधन करणाऱ्यास ‘संस्था’ कोणती, हा प्रश्न आजही तसाच आहे, आणि तो आमच्या शहरातील शेकडो दवाखान्यांनाही लागू पडतो.

यादी, आणि यादीमागील कारण

आतापर्यंतच्या विवेचनात एक गोष्ट गृहीत धरली होती, की पत्रिकेस संपादक आहे. गेल्या पंधरा वर्षांत आपल्याकडे हे गृहीतकच डळमळले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत प्राध्यापकांच्या निवडीसाठी व बढतीसाठी गुणांकाची पद्धत आणली, आणि निबंध मोजले जाऊ लागले, पीएच.डी.च्या उमेदवारासही प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध प्रसिद्ध करणे अनिवार्य होते. ज्यांना शिकविण्याचे काम होते, प्रयोगशाळा नव्हती, रजा नव्हती, ग्रंथालय तुटपुंजे होते, त्यांच्याकडूनही निबंधाची अपेक्षा झाली. मागणी निर्माण झाली तसा पुरवठा झाला: पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या, अशा पत्रिका गल्लोगल्ली निघाल्या. २०१३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन यांनी ढोबळ दोष असलेला एक बनावट निबंध ३०४ पत्रिकांकडे पाठविला आणि १५७ पत्रिकांनी तो स्वीकारला. त्या पत्रिकांत भारतातून चालणाऱ्यांचा वाटा मोठा होता.

आयोगाने मान्य पत्रिकांची यादी केली, आणि विद्यापीठांच्या शिफारशींवरून तीत हजारो नावे शिरली. पुण्याच्या विद्यापीठातील भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये या यादीच्या विद्यापीठ-शिफारशीच्या भागाची छाननी प्रसिद्ध केली. तपासलेल्या १००९ पत्रिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाच्या असाव्यात असा त्यांचा निष्कर्ष होता. सुमारे एकतृतीयांश पत्रिकांचा तर पत्ता, संकेतस्थळ किंवा संपादकांची नावे हा प्राथमिक तपशीलच चुकीचा होता किंवा नव्हताच. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ पत्रिका यादीतून वगळल्या, आणि २०१९ मध्ये ‘यूजीसी-केअर’ ही नवी यादी आली, जिच्या निकषांचे काम पुण्याच्या विद्यापीठातील प्रकाशननीतीच्या केंद्राकडे होते. पीएच.डी.च्या संशोधकांसाठी संशोधन व प्रकाशननीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रमही त्याच सुमारास सक्तीचा झाला. पीएच.डी.साठी निबंधाची अट २०२२ मध्ये गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ‘केअर’ यादीही बंद केली आणि पत्रिकांची पारख ज्या त्या संस्थेवर सोपविली. एका मध्यवर्ती यादीमुळे भारतीय भाषांतील चांगल्या पत्रिकांवर अन्याय होतो, निर्णयास विलंब लागतो, ही यादीच्या विरोधकांची बाजू. यादी गेल्यावर जुना बाजार पुन्हा भरेल, ही समर्थकांची भीती. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि परिणाम दिसण्यास अजून अवधी आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र एक मुद्दा या साऱ्या चर्चेत दुर्लक्षित राहतो असे मला वाटते. ज्या पत्रिकेचा पत्ताच खोटा आहे, तिच्यातील निबंधाविषयी तक्रार कोठे करावयाची? तेथील निबंध कधीच मागे घेतला जात नाही, आणि म्हणून कागदोपत्री तो निष्कलंक राहतो. चांगल्या पत्रिकेत लिहिणाऱ्याच्या चुकीची नोंद होते, वाईट पत्रिकेत लिहिणाऱ्याची होत नाही.

वाङ्मयचौर्यापुरते तरी आपल्याकडे कायद्याचे स्वरूप असलेले नियम आहेत. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. त्यापुढे ४० व ६० टक्के अशा पायऱ्या आहेत. सर्वांत वरच्या पायरीवर विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होते, आणि अध्यापकास निबंध मागे घेण्याबरोबर लागोपाठ दोन वार्षिक वेतनवाढींना मुकावे लागून तीन वर्षे नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. टक्केवारी मोजण्यास सोपी, म्हणून तीवर भर आला. पण इंग्रजी निबंधाचे मराठी रूपांतर स्वतःच्या नावावर खपविले तर संगणकाच्या चाळणीतून ते सहज निसटते, आणि बनावट आकडे तर शंभर टक्के स्वतंत्र असतात.

पक्ष आणि प्रतिपक्ष

या विषयावरील मतांचे स्थूलमानाने तीन प्रवाह दिसतात. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की पत्रिकांनी त्वरा करावी. विलंबाची किंमत तिसराच मनुष्य मोजतो. अँड्र्यू वेकफील्ड यांचा गोवर-गालफुगीच्या लशीचा संबंध स्वमग्नतेशी सूचित करणारा निबंध ‘लॅन्सेट’ने १९९८ मध्ये छापला आणि ब्रिटिश वैद्यक परिषदेचा निर्णय लागेपर्यंत थांबून २०१० मध्ये मागे घेतला, मधल्या बारा वर्षांत कितीतरी आईबापांनी मुलांना लस देण्याचे टाळले. याच पत्रिकेने २०२० मध्ये, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनविषयीच्या निबंधामागील आकडे पडताळता येत नाहीत असे दिसताच, तो दोन आठवड्यांच्या आत मागे घेतला. म्हणजे मनात आणले तर त्वरा शक्य आहे. या पक्षाचे बळ वाढविले ते बाहेरच्या पहारेकऱ्यांनी: ‘रिट्रॅक्शन वॉच’ने २०१० पासून मागे घेतलेल्या निबंधांची नोंदवही ठेवली, आणि एलिझाबेथ बिक व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ निबंधांतील चित्रे डोळ्यांनी तपासून ३.८ टक्के निबंधांत आक्षेपार्ह पुनरावृत्ती दाखविली.

दुसरा पक्ष न्यायप्रक्रियेचा. फँग, स्टीन व कॅसाडेव्हॉल यांच्या २०१२ च्या अभ्यासात मागे घेतलेल्या २,०४७ निबंधांपैकी दोनतृतीयांश गैरवर्तनामुळे व सुमारे एकपंचमांश चुकीमुळे मागे घेतल्याचे आढळले. लोकांच्या मनात मात्र ‘मागे घेतला’ याचा अर्थ ‘लबाडी केली’ असाच होतो, आणि म्हणून पुरेशी सुनावणी न देता घेतलेला निर्णय तरुण सहलेखकाचे आयुष्य उद्ध्वस्त करू शकतो. निनावी तक्रारींविषयी हा पक्ष विशेष साशंक असतो, कारण त्यांत प्रयोगशाळेतील वैर मिसळलेले असू शकते. पहिल्या पक्षाचे त्यास उत्तर असे की ज्या विद्यार्थ्याचे भवितव्य मार्गदर्शकाच्या सहीवर आहे, त्याने नाव देऊन तक्रार करावी ही अपेक्षाच व्यर्थ. तक्रार कोणी केली यापेक्षा तीत तपासण्याजोगे काय आहे ते पाहावे. पुण्याच्या प्रकरणातही पत्रे निनावीच होती.

तिसरा प्रवाह मुख्यतः मानव्यविद्यांतला, आणि मराठी वाचकाला तो परका वाटणार नाही. शिवजन्माची तिथी वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ की फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, हा वाद लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रकाशात आणल्यापासून अनेक दशके चालला. लेखास लेख, पुराव्यास पुरावा असे उत्तर दिले गेले. आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख महाराष्ट्र शासनाने अधिकृत मानली ती २००१ मध्ये. या दीर्घ वादात कोणाचाही निबंध कोणी मागे घेतला नाही, घ्यावा असे कोणास सुचलेही नाही; पराभूत मतही दफ्तरात राहिले आणि नंतरच्या अभ्यासकास वादाचे सर्व टप्पे पाहावयास मिळाले. मतभेदासाठी ही पद्धत निश्चित श्रेष्ठ आहे. परंतु ती बनावट कागदाला लावता येत नाही, कारण खंडन युक्तिवादाचे करावयाचे असते, आणि रचलेल्या दस्तऐवजात खंडन करण्यासारखा युक्तिवादच नसतो.

अनिर्णित राहिलेले

संख्येच्या बाजूने पाहता २०१८ च्या सुमारास दर दहा हजार निबंधांमागे साधारण चार मागे घेतले जात होते. २०२३ मध्ये जगभरात दहा हजारांहून अधिक निबंध मागे घेतले गेले, त्यांतील बहुतांश एकट्या ‘हिंदावी’ या प्रकाशनसंस्थेच्या पत्रिकांतले होते. भाडोत्री निबंध तयार करून लेखकपद विकणाऱ्या टोळ्यांनी विशेषांकांची दारे वापरली होती. एकेका निबंधाची एकेक चौकशी ही ‘कोप’ची मूळ कल्पना अशा घाऊक व्यवहारापुढे टिकत नाही, आणि हजारो निबंध एकदम मागे घेतले तर त्यांतील एखाद्या निरपराध लेखकास सुनावणी कशी द्यावयाची, याचे उत्तर अद्याप सापडलेले नाही.

प्रामाणिक चूक मान्य करणाऱ्याला प्रतिष्ठा कशी द्यावी, हेही तसेच अधांतरी आहे. रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी २०२० च्या प्रारंभी आपला निबंध प्रयोग पुन्हा जुळत नाहीत म्हणून स्वतः जाहीरपणे मागे घेतला, आणि त्यांचे कौतुकच झाले; पण नोबेल मिळालेल्या विदुषीस जे परवडते ते तालुक्याच्या महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकास परवडेलच असे नाही. शिवाय मागे घेतलेले निबंध नंतरही निर्दोष समजून उद्धृत केले जातात. ते थांबविण्याचे काम लेखकाचे, परीक्षकाचे की संदर्भसूच्या सांभाळणाऱ्यांचे, यावर एकमत नाही.

देशपातळीवर अमेरिकेसारखे किंवा डेन्मार्कसारखे, चौकशीचा अधिकार असलेले स्वतंत्र कार्यालय असावे अशी मागणी पुण्याच्या प्रकरणापासून वारंवार झाली आहे. समर्थक म्हणतात, संस्था स्वतःच्याच कीर्तिमान माणसाची चौकशी निःपक्षपणे करू शकत नाही. विरोधक म्हणतात, नवे कार्यालय म्हणजे नवे कारकून, नवी मुदतवाढ, आणि सत्तेच्या हाती विद्वानांस धाक घालण्याचे एक साधन. मला स्वतःला पहिली बाजू अधिक वजनदार वाटते, तथापि दुसऱ्या बाजूची शंका या देशातील चौकशी आयोगांचा इतिहास पाहता अवास्तव म्हणता येत नाही.

दरम्यान केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या मानांकनाने, म्हणजे ‘एनआयआरएफ’ने, २०२५ पासून मागे घेतलेल्या निबंधांबद्दल संस्थांचे गुण कापण्याचे धोरण स्वीकारले आहे. निबंधांची संख्या वाढवून मानांकनात वर चढणाऱ्या संस्थांना त्यामुळे आळा बसेल असा त्यामागील उद्देश आहे, आणि तो रास्त आहे. परंतु चौकशी संस्थेनेच करावयाची, दोष आढळल्यास पत्रिकेस संस्थेनेच कळवावयाचे, आणि निबंध मागे घेतला गेला की गुण संस्थेचेच जावयाचे, अशी आता रचना झाली आहे. चूक आणि बनावट यांना या वजाबाकीत वेगळे धरावे की नाही, हे पुढील काही वर्षांच्या मानांकनांत ठरावयाचे आहे. आणि आपल्या अध्यापकाच्या निबंधातील दोष स्वतः शोधून कळविणाऱ्या संस्थेस त्यात काही सूट असावी काय, हा प्रश्न तर अजून कोणी गंभीरपणे विचारलेलाही दिसत नाही.